जुन्या मालमोटारीचा इंधनदाब : दोषांची परीक्षा व उपाय

शेतांत माल पिकविणें हें शेतकऱ्याचें अर्धें काम होय. तो माल ठरल्या वेळीं बाजारांत नेऊन उभा करणें हें उरलेलें अर्धें. धान्य दोन दिवस उशिरा गेलें तरी बिघडत नाहीं. परंतु फुलें, पालेभाजी, टोमॅटो व दूध यांस घटकाभराचाही उशीर सोसत नाहीं. पूर्वीं हें काम बैलगाडीकडे होतें आणि बैलाचें दुखणें मालकास त्याच्या डोळ्यांवरून व रवंथावरून ओळखतां येई. आज पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत, जुनी कां होईना, एक पिकअप मोटार उभी असते. तिचें दुखणें मात्र आपणांस उमगत नाहीं. मिस्त्री सांगेल तो रोग आणि मागेल तो खर्च मान्य करावा लागतो. ही स्थिति निदान एका नेहमींच्या दुखण्यापुरती तरी पालटावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. तें दुखणें म्हणजे इंजिनास डिझेल पुरेशा दाबानें न पोंचणें.

प्रभादेवी येथील अनुभव

सन २०१९ च्या दसऱ्याच्या आदल्या पहाटेची गोष्ट आहे. जुन्नर तालुक्यांतील आमचे शेजारी, एक फूलबागाईतदार, झेंडू घेऊन मुंबईस निघाले होते व प्रस्तुत लेखक त्यांच्या सोबतीस होता. गाडी बारा वर्षें राबलेली. माळशेज घाट उतरून मुरबाड व कल्याण या मार्गानें आम्ही रात्रीं मुंबईंत शिरलों. घाटांत गाडीनें कुरकुर केली नाहीं, आणि करणार तरी कशी? उतारावर इंजिनास डिझेल लागतें थोडें. त्यामुळें दोष झांकून राहिला. मुंबईंतील पुलांचे चढ लागतांच तो उघडा पडला. ॲक्सिलरेटर तळास टेकला तरी वेग वाढेना. दादरच्या फूलबाजारांत निम्मे क्रेट उतरले. उरलेले सिद्धिविनायक मंदिरानजीकच्या हारवाल्यांस द्यावयाचे होते, म्हणून प्रभादेवीकडे वळलों. आणि मंदिर हाकेच्या अंतरावर असतां गाडी दोन गचके खाऊन बंद पडली.

जवळचीं फुलें हातगाडीवर घालून पोंचविलीं. खरी चिंता पुढची होती. घरीं दुसरी तोडणी चालू होती. दुपारपर्यंत परत जाऊन तो माल भरावयाचा आणि रात्रींच पुन्हां दादरास आणावयाचा, असा बेत होता. दसऱ्याची दुपार टळल्यावर झेंडूस कोण विचारतो? जवळच्या एका गॅरेजमधील मिस्त्रीनें बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "एफआयपी गेला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्यावा लागेल. उद्यां दसरा, म्हणजे परवां." खर्च पांच आंकडी सांगितला. आमचे शेजारी दादरास हातीं आलेले पैसे मुकाट्यानें मोजूं लागले.

इतक्यांत देवदर्शनास निघालेले एक वृद्ध गृहस्थ थांबले. हे पूर्वीं कापडगिरणींत फिटर होते. १९८२ च्या संपांत गिरणी सुटली तेव्हांपासून डिझेल गाड्यांच्या कामावर त्यांनीं संसार केला होता. त्यांनीं विचारलें, "भाऊ, दाब कुणी मोजला कां?"

"नाहीं, काका."

"मग पंप गेला हें कशावरून? आमच्या गिरणींत वाफ कमी आली तर आधीं नळ्या तपासायचे. बॉयलरला एकदम कुणी हात लावीत नसे. चला, टाकीपासून येऊं या."

त्यांनीं पांच लिटरचा स्वच्छ डबा आणविला, त्यांत चांगलें डिझेल घातलें आणि फीड पंपाची शोषनळी टाकीकडून सोडवून त्या डब्यांत बुडविली. डबा त्यांनीं टपावर न ठेवितां मुद्दाम टाकीच्या उंचीवर ठेविला. डबा उंच ठेविला तर डिझेल आपल्याच भारानें खालीं येतें आणि शोषणाचा दोष झांकतो, असें त्यांनीं समजावून सांगितलें. हातपंपानें हवा काढून किल्ली फिरवितांच इंजिन लागलें व दहा मिनिटें अखंड चाललें. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप व नोझल हीं सर्व निर्दोष; दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान होता. पुढें शोध घेतां चॅसीच्या पट्टीखालीं दडलेली रबरी नळी तडकलेली आढळली. बाहेरून डिझेलचा एक थेंबही ओघळलेला नव्हता. हातभर नवी नळी, दोन क्लिपा व तांब्याचे दोन वॉशर यांवर काम भागलें. माळशेजचा चढ आम्ही दुपारच्या आंत चढलों व दुसरी खेप वेळेवर दादरास पोंचली.

या प्रसंगाचा बोध एवढाच कीं, मुख्य पंप हा संशयितांपैकीं शेवटचा. त्याच्यावर आरोप करण्यापूर्वीं टाकीपासून क्रमानें चालत यावें, आणि दाब अंदाजानें न ठरवितां मोजून पाहावा.

इंधनाचा मार्ग

आपल्याकडे १९८६ सालीं आलेली टाटा ४०७ व त्यानंतरच्या काळांतील पुष्कळ लहान मालमोटारी यांत्रिक पंपाच्या आहेत. हे पंप बनविणारी 'मायको' कंपनी १९५१ सालीं स्थापन झाली, व तिचे पंप इतके पसरले कीं त्यांचे सुटे भाग व जाणते कारागीर तालुक्याच्या गांवींही मिळतात. या गाड्यांत डिझेलचा प्रवास दाबाच्या दृष्टीनें तीन टप्प्यांचा असतो.

पहिला टप्पा टाकीपासून फीड पंपापर्यंत. येथें दाब नसून शोषण असतें. दुसरा टप्पा फीड पंपापासून फिल्टरमधून मुख्य पंपापर्यंत. येथें सामान्यतः १ ते २ बार दाब असतो. एक बार म्हणजे चौरस इंचास सुमारें साडेचौदा पौंड. तिसरा टप्पा मुख्य पंपापासून नोझलपर्यंत. थेट फवारणीच्या इंजिनांत नोझल साधारणपणें २०० बारच्या आसपास उघडतो. मुख्य पंपांत आलेलें जादा डिझेल एका स्प्रिंगच्या झडपेतून टाकीकडे परत जातें. तिला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह म्हणतात. कांहीं गाड्यांत मुख्य पंप गोल म्हणजे रोटरी जातीचा असून फीड पंप त्याच्या पोटांतच असतो. अशा गाडींत फिल्टरही शोषणाच्याच बाजूस येतो, हें ध्यानांत ठेवावें.

विहिरीवरील पंपाचा अनुभव येथें उपयोगी पडेल. फूट-व्हॉल्व्ह गळूं लागला किंवा सक्शन पाईपच्या जोडांतून हवा शिरली कीं पंप पाणी सोडतो. पाईपमधून पाणी गळतांना मात्र दिसत नाहीं, कारण तेथें पाणी बाहेर न येतां हवा आंत ओढली जाते. तेव्हां आपण मोटर बदलीत नाहीं, जोड पाहतों. डिझेल गाडीचेंही तसेंच आहे. डिझेल दाबानें आकसत नाहीं, हवा आकसते. नळींत हवेचा बुडबुडा आला कीं पंपाचा दट्ट्या त्या बुडबुड्यासच दाबीत बसतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाहीं. यासच मिस्त्री लोक 'गाडीनें एअर घेतली' असें म्हणतात.

लक्षणें

१. मोकळी गाडी चालते, परंतु भार किंवा चढ आला कीं दम सोडते. पुरवठा अपुरा आहे. फिल्टर, जाळी, फीड पंप किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह यांपैकीं एकाचा संशय घ्यावा.

२. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं पुष्कळ वेळ स्टार्टर मारावा लागतो, मग दिवसभर ठीक चालते. नळींतील डिझेल रात्रीं टाकींत उतरतें व त्या जागीं हवा शिरते. जोड, वॉशर व फीड पंपाच्या झडपा पाहाव्या.

३. अर्धा तास चालून बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हां लागते. प्रथम टाकीचें झांकण उघडावें. 'फस्' असा आवाज होऊन हवा आंत ओढली गेली तर झांकणाचें श्वासछिद्र बुजलें आहे. हा दोष टांचणीनें दूर होतो.

४. टाकी भरलेली असतां ठीक, पाव टाकीवर आली कीं गचके. टाकींतील उभी शोषनळी मध्येंच तडकलेली आहे, किंवा तळचा गाळ जाळीवर बसतो आहे.

५. स्टार्टर मारतांना धुराड्यांतून कांहींच धूर येत नाहीं. डिझेल नोझलपर्यंत पोंचतच नाहीं. इंजिन बंद करण्याची तार किंवा सोलेनॉइड अडकला नाहीं ना, हें आधीं पाहावें. धूर येत असून इंजिन लागत नसेल तर डिझेल पोंचत आहे; कारण अन्यत्र शोधावें.

६. दम कमी आणि धूर काळाकुट्ट. अशा वेळीं इंधनदाबाच्या मागें लागूं नये. आधीं हवेचा फिल्टर काढून पाहावा.

७. इंजिन ऑईलची पातळी आपोआप वाढते व त्यास डिझेलचा वास येतो. फीड पंपाचें किंवा मुख्य पंपाचें सील गळत आहे. गाडी ताबडतोब थांबवावी, कारण पातळ झालेलें ऑईल बेअरिंगें खाऊन टाकतें.

परीक्षेचा क्रम

प्रथम टाकी. तळाचा बोल्ट सैल करून पेलाभर डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें व तासभर स्थिर ठेवावें. पाणी जड असल्यामुळें तळास बसतें व स्पष्ट दिसतें. काळसर बुळबुळीत गाळ दिसला तर टाकी उतरवून धुणें हाच उपाय. नुसता फिल्टर बदलल्यानें तो आठ दिवसांत पुन्हां चोंदेल.

दुसरी शोषनळी. फीड पंपाच्या तोंडाशीं वीतभर पारदर्शक नळी जोडावी आणि इंजिन चालवून पाहावें. आरंभीं थोडे बुडबुडे येतील. परंतु पांच मिनिटांनंतरही ते चालूच राहिले तर हवा शिरत आहे. रबरी नळी वांकवून तिच्या भेगा पाहाव्या, विशेषतः क्लिपेखालीं व पट्टीखालीं. तांब्याचे वॉशर एकदां दाबले गेले कीं पुन्हां नीट बसत नाहींत, यास्तव जोड उघडल्यास नवेच घालावे.

तिसरा फीड पंप. याच्या तोंडाशीं बहुधा एक लहान जाळी असते. ती अनेक गाड्यांत वर्षानुवर्षें कोणी उघडलेली नसते. ती धुवावी. हातपंप मारतांना प्रारंभीं हलका व मग कठीण लागला पाहिजे. कितीही मारला तरी हलकाच राहिला तर हवा येत आहे किंवा झडपा झिजल्या आहेत.

चौथें दाबमापक, म्हणजे गेज. शून्य ते सहा बारपर्यंतचें साधें गेज व टी-जोड हीं हत्यारें एखाद्या गांवच्या चार-सहा गाडीवाल्यांनीं मिळून घेतलीं तर खर्च नगण्य पडतो. गेज प्रथम फिल्टरच्या आधीं व नंतर फिल्टरच्या पुढें लावावें. इंजिन वेगानें चालवून दोन्ही आंकडे टिपावे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा मिळाल्यास तोच प्रमाण मानावा.

फिल्टरच्या आधीं दाब चांगला व पुढें कमी असेल तर दोष फिल्टरचा. दोन्हीकडे कमी असेल तर ओव्हरफ्लोकडील परतीची रबरी नळी क्षणभर चिमटून पाहावी. दाब एकदम वर गेला तर फीड पंप सशक्त असून ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली पडली आहे. ही झडप अल्प किंमतीची असते. पण तिच्या दोषामुळें इंजिन तापल्यावर दम सोडतें आणि बोल मात्र मुख्य पंपास लागतो. नळी चिमटूनही दाब वाढला नाहीं, तर डब्याची परीक्षा करावी. डब्यावर दाब आला तर दोष टाकीकडे, न आला तर फीड पंपाकडे. आणि दोन्हीकडे दाब पुरेसा असून गाडी तरीही दम सोडीत असेल, तेव्हांच मुख्य पंप व नोझल कॅलिब्रेशनच्या यंत्रावर तपासण्यास पाठवावे. तें काम घरीं करूं नये. पंपावरील मोहोर तोडून स्क्रू फिरविण्यानें दोष जात नाहीं, धूर मात्र वाढतो.

हवा काढण्याची रीति

कोणताही जोड उघडल्यावर हवा काढणें आवश्यक आहे. फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा व पंप मारीत असतांनाच स्क्रू आवळावा. मग तीच क्रिया मुख्य पंपावरील स्क्रूची. एवढ्यानें इंजिन न लागल्यास नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा वळसा सैल करून स्टार्टर मारावा. डिझेल झिरपूं लागतांच नट आवळावे. गोल पंपास आंतून वंगण डिझेलचेंच असतें, यास्तव तो कोरडा ठेवून पुष्कळ वेळ स्टार्टर मारीत बसणें म्हणजे चांगला पंप हातानें बिघडविणें होय.

एक इशारा अगत्याचा आहे. नोझलच्या नळीची गळती इंजिन चालू असतां बोटानें कधींही शोधूं नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आंत जाते. जखम टांचणी टोंचल्याएवढी दिसते व प्रथम दुखतही नाहीं. परंतु वेळीं शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती पाहावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, आणि तशी इजा झाल्यास त्याच क्षणीं मोठें रुग्णालय गांठावें.

कॉमन रेलच्या गाड्या

गेल्या वीस वर्षांत कॉमन रेल पद्धतीच्या पिकअप मोटारी आल्या व त्यांतील पुष्कळ आतां जुन्याही झाल्या. यांत सर्व नोझलांस एकाच जाड नळींतून डिझेल मिळतें. इंजिन लागण्यास तेथें सुमारें २०० बार दाब जमावा लागतो व भरल्या भारावर तो १,३०० बारच्याही वर जातो. यामुळें वर सांगितलेली नळ्यांचे नट सैल करण्याची किंवा परतीची नळी चिमटण्याची रीति या गाड्यांस मुळींच लावूं नये. मात्र टाकी, शोषनळी व फिल्टर यांची परीक्षा येथेंही जशीच्या तशी लागू आहे. रेलमधील दाब संगणकी यंत्रावर वाचतां येतो. मिस्त्रीनें तो आंकडा आपणांस दाखवावा असा आग्रह धरावा. दुसरी परीक्षा बाटल्यांची. जाणता मिस्त्री प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीस सारख्या मापाची बाटली लावून इंजिन ठराविक वेळ चालवितो. एक बाटली इतरांहून फार लौकर भरली तर तो एक नोझल दाब गमावीत आहे. चारही बदलण्याचें कारण नाहीं.

प्रतिबंध

या दोषांचें मूळ पुष्कळदां आपल्याच खळ्यांत असतें. आपण विहिरीवरील इंजिनासाठीं किंवा ट्रॅक्टरसाठीं पिंपांत डिझेल भरून ठेवितों आणि अडल्या वेळीं तेंच पिकअपमध्यें ओततों. पिंप उघड्यावर उभें असेल तर पावसाचें पाणी त्याच्या माथ्यावर सांचून बुचांतून आंत झिरपतें. पिंप छपराखालीं, किंचित् कलतें ठेवावें. डिझेल तळापासून न घेतां वरून घ्यावें आणि बारीक कापडाच्या गाळणींतून भरावें. पावसाळ्यांत गाडीची टाकी रात्रीं रिकामी ठेवूं नये, कारण आंतील दमट हवेचें पाणी होतें. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्यांतून एकदां सोडावा. रॉकेलमिश्रित डिझेल स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. त्यांत वंगणशक्ति कमी असते व पंपाचे दट्टे झिजतात.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा प्रतीचें डिझेल मिळूं लागलें; त्यांत गंधकाचें प्रमाण दहा लाखांत दहा भाग एवढेंच आहे, पूर्वीं तें पन्नास होतें. हवेच्या दृष्टीनें हें इष्टच झालें. परंतु १९९३ सालीं अमेरिकेंत कमी गंधकाचें डिझेल आलें तेव्हां पंपांतील जुन्या, कडक झालेल्या रबरी कड्या आकसून गळूं लागल्याचा अनुभव आला. आपल्या गाडीच्या रबरी नळ्या व कड्या दहा वर्षांहून जुन्या असतील तर त्या गळण्याची वाट न पाहतां एकदम नव्या, डिझेलसाठींच बनविलेल्या घालाव्या. पाण्याची किंवा फवारणीपंपाची नळी तेथें चालत नाहीं. ती फुगते व आंतून सोलून निघते.

गाडींत बसण्याच्या जागेखालीं पुढील जिन्नस नेहमीं असावे : एक नवा फिल्टर, दोन हात डिझेलची नळी, चार क्लिपा, तांब्याचे सहा वॉशर, वीतभर पारदर्शक नळी, नेमके लागणारे पाने व पांच लिटरचा स्वच्छ डबा. शिवाय एक वही ठेवावी. फिल्टर केव्हां बदलला, गेजवर किती आंकडा आला, चढावर गाडी कोठें अडखळली, हें तींत लिहावें. ज्याच्या हातीं आंकडा आहे त्यास मिस्त्रीशीं वाद घालावा लागत नाहीं; तो आंकडा पुढें ठेवितो आणि काम कोठून सुरू करावयाचें तें सांगतो.

प्रभादेवीच्या त्या वृद्ध फिटरकाकांनीं मजुरी म्हणून कांहींच घेतलें नाहीं. निघतांना आमच्या शेजाऱ्यांनीं झेंडूचे दोन हार त्यांच्या हातीं दिले, ते घेऊन ते मंदिराकडे वळले. आमचे शेजारी आतां हंगामापूर्वीं दाब मोजून वहींत लिहितात, आणि गांवांत कोणाची गाडी अडली तर प्रथम तो डबा मागितला जातो.